वेगळी चूल

शेजारच्या वहिनीचा मला हेवा वाटायचा. ती विधवा, पण तिची स्वतःची चूल होती. माझ्या घरात नवरा, मुलं, दोन म्हशी, आणि चूल सासूबाईंची. सकाळी वहिनी आपली चूल सारवायची आणि लाकडाची मोळी घेऊन लोणावळ्याच्या बंगल्यांकडे निघायची. बोलताना प्रत्येक वाक्याला "व्हय का न्हाई?" जोडायची, उत्तराला मात्र थांबायची नाही.

आमच्या कुरवंडे गावात जत्रेआधी चूलपट्टी गोळा होई. पूर्वी ती सरकारात जात असे म्हणतात, आता गाव घेई. नियम जुनाच होता: जितक्या चुली, तितकी घरं आणि तितकी पट्टी. त्यामुळे पट्टीवाला दारात आला की बायका दुसऱ्या चुलीवर पाटी पालथी घालत.

त्या वर्षी वहिनीचा दीर ओट्यावरूनच म्हणाला, "आमचं एकच घर. वहिनी आमच्यातच जेवती." वेगळी चूल नाही, म्हणजे शेतात वेगळा वाटाही नाही, हे तिथं सगळ्यांना कळलं.

ती तव्यावरची भाकरी घेऊन बाहेर आली आणि तिनं ती पट्टीवाल्याच्या हातावर ठेवली. तो हात झटकू लागला.

"भाजलं ना, आबा? मंग माजी चूल हाय. माजी पट्टी येगळी घ्या. व्हय का न्हाई?"

या वेळी ती उत्तराला थांबली.

"व्हय बाई, व्हय!"

"लय मिजास!" आमच्या दारातून सासूबाई म्हणाल्या. मीही मान डोलावली. मग त्यांच्यामागे आत जाऊन त्यांना रोजच्यासारखं विचारलं, "भात किती टाकू?"