छत्रीखालचा वारसा

सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत काठी पेलायची माझी पहिली पाळी होती, आणि ती सोडून मी एका साहेबाच्या डोक्यावर छत्री धरली.

दुसऱ्या कुणाचा दोष नाही. चिंचोळीच्या कारखान्यातली ड्यूटी संपवून पावसाळा सरल्यापासून रोज सराव केलेला. नंदीध्वजाची काठी घराच्या वर जाईल एवढी उंच. ती एकट्यानं कमरेवर तोलत चालायचं. सरावात मी ती घेऊन लोकांच्या अंगावर गेलो होतो. तरी तात्यांनी, माझ्या चुलत्यांनी, यंदा पाळी दिली. पांढरी बाराबंदी शिवली. तिचे बंद बायकोनं बांधले, मला ते अजून जमत नाहीत.

साहेब पुण्याचा. प्राचीन सोलापूरच्या धार्मिक वारशावर फिल्म काढत होता. म्हणाला, दिवसभर सोबत राहा, तुमच्या काठीचं शूटिंग भरपूर घेतो, शाळाशाळांतून दाखवणार. मला वाटलं, पाळी काय, पुढच्या साली येईल. फिल्म जन्मभर राहील. तात्यांना तसं सांगितलं.

साहेबानं नाव विचारलं. मग आडनाव. मग नुसतं "अच्छा" म्हणाला. तेव्हाच कळायला पाहिजे होतं. नाही कळलं. हातात छत्री आली. थोड्या वेळानं म्हणाला, "तुझ्या पांढऱ्या कपड्यांचा उजेड मारतोय. मागं सरक. फ्रेममध्ये येऊ नकोस."

सरकलो. लोक देवावर छत्र धरतात. मी नवी कोरी बाराबंदी घालून साहेबावर धरलं. ओळखीची माणसं हात करून जात होती, आणि मी बावळट छत्री हलवून उत्तर देत होतो.

पुढच्या काठ्या गेल्या. आमची, मातंगांची, मागं असते. हलगी ऐकू यायला लागली आणि साहेबानं कॅमेरा बंद केला.

"मागं आमची हाय की, साहेब."

"तेच तेच आहे रे. मुख्य वारसा आला सगळा. तुमचं नंतर चिकटवलेलं. चल, स्टँड उचल."

चिकटवलेलं. माझ्या आज्यानं पेललेली काठी. बापानं पेललेली. चिकटवलेली.

"उचलत न्हाय," मी म्हणालो.

तुम्हा लोकांना जवळ केलं की डोक्यावर बसता, असं तो म्हणाला. त्याच्या डोक्यावर तर सकाळपासून मी सावलीच धरली होती. "आमची काठी जाईपतूर हितंच उभं ऱ्हावा," मी म्हणालो, "न्हायतर वारसा हे नाव घिऊ नका." आणि निघालो. स्टँड रस्त्यात तसाच. मागून तो ओरडत होता. वळून बघितलं नाही.

गर्दी चिरत काठीपर्यंत गेलो. माझ्या पाळीला तात्या स्वतः उभे होते. थकलेला माणूस. बाराबंदी घामानं अंगाला चिकटलेली, पोटऱ्या थरथरत होत्या, काठी सरळ.

तिथंच ठरवलं. यापुढं कुणाच्या फिल्ममध्ये जागा मागायची नाही. कुणाच्या पुस्तकात ओळ मागायची नाही. काठी आमच्या कमरेवर आहे, रस्ता आमच्या पायाखाली. आमच्या आधी जो कॅमेरा मिटेल, त्याचा वारसा खोटा. हे त्याच्या तोंडावर सांगायचं, दरवर्षी, भर रस्त्यात.

"तात्या, द्या. पुढं मी पेलतो."

तात्यांनी काठीच्या शेंड्यावरची नजर एकदाच खाली आणली.

"आदी साहेबाची छत्री टाक की येड्या. अजून हातातच हाय."