आडव्या थरांच्या मुलखातून

साठच्या दशकाच्या सुरुवातीला मी पुण्याहून हायडेलबर्गला भूशास्त्रात डॉक्टरेट करायला गेलो. आमच्या सरांचा विषय स्पिट्सबर्गेन, म्हणजे उत्तर ध्रुवाजवळचं बर्फाळ बेट. उन्हाळ्यात तिकडे निघणाऱ्या तुकडीत एकच जागा उरली होती आणि ती मला अगदी मनापासून हवी होती. त्यासाठी विमानातून घेतलेल्या फोटोंवरून तिथल्या एका दरीचा नकाशा करून दाखवायचा होता.

मी शिकलो सह्याद्रीत. आमच्याकडे घाटाच्या या अंगाला जो थर, तोच त्या अंगाला, त्याच उंचीवर. लाव्हा आला, पसरला, निजला. पुढे कोणी त्याची झोपमोड केली नाही. त्याच सवयीने मी दरीच्या दोन्ही बाजूंचे थर पट्टीने जोडून टाकले.

नकाशा परत आला तो मधोमध लाल पेन्सिलीने लिहिलेला एकच शब्द घेऊन: फेरवेर्फुंग.

माझं जर्मन तेव्हा पाव मागण्यापुरतं. खोलीतला सोबती रसायनशास्त्राचा, सांगलीचा आणि स्वतःच्या मते जर्मनचा पंडित. त्याने शब्दकोश काढला, ‘फेरवेर्फन’वर बोट ठेवलं.

“आल्झो, तर मग, फेटाळणे. गेला तुझा नकाशा. चहा टाकू?”

मला फार वाईट वाटलं. तरी सकाळी सरांकडे गेलो आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं, “हेर प्रोफेसर, फेरवेर्फुंग मला मान्य आहे.”

सर खुलले. “गेनाऊ, अगदी बरोबर. किती मीटर?”

नकार मीटरमध्ये मोजतात हे मला नवीन होतं. मी म्हणालो, “सगळाच.”

“सगळाच काय?” सरांनी चष्म्यावरून पाहत विचारलं. मग मी सगळं सांगून टाकलं, शब्दकोश आणि सह्याद्रीसकट. त्यांनी डब्यातलं चीजचं सँडविच मधोमध कापलं आणि एक तुकडा खाली सरकवला. थर असे तुटून सरकतात, त्याला, म्हणजे प्रस्तरभंगाला, हा शब्द. इतर सगळे त्याला ‘श्टोरुंग’ म्हणत, जुन्या वळणाचे सर तेवढे फेरवेर्फुंग. त्या बेटावर आधी भूखंड आदळून थरांना घड्या पडल्या, पुढे जमीन ताणली गेली आणि दरीची एक बाजू खचली.

“माझे विद्यार्थी दिसेल त्या दरीत भंग काढतात,” सर म्हणाले. “तुम्ही पुरावा मिळेपर्यंत काढणार नाही. असा एक हट्टी माणूस मला तिथे हवाच आहे.”

जागा मला मिळाली. माझ्या अडाणीपणाची एवढी कदर पुढे कोणीच केली नाही, लग्नानंतर घरी तर नाहीच नाही.