फोनवरचं आडनाव

सातिवलीत एका गाळ्यासमोर तापलेलं लोखंड पाण्यात बुडवल्याचा वास आला आणि मी थबकले.

वीसेक वर्षांपूर्वी मी कॉल सेंटरमध्ये होते. तिथे फोनवर इंग्रजी नाव सांगावं लागे. बाबा आगाशीत कोयते घडवायचे. ‘लोहार’ या आमच्या आडनावाची मला लाजच वाटायची. मी ‘स्मिथ’ घेतलं. टीव्हीवरचे कितीतरी खेळाडू, नट स्मिथच होते.

एकदा इंग्लंडमधले एक आजोबा फोनवर म्हणाले, “मीही स्मिथ. स्मिथ म्हणजे लोहार. आपल्या दोघांचेही पूर्वज लोहारच.”



घरी आले तेव्हा बाबा भात्यापाशी बसलेले. त्यांनी नेहमीसारखं विचारलं, “तिथं आपलंच आडनाव सांगतेस ना गं?”

“हो.”

रोज हे खोटं असायचं. त्या दिवशी खरं निघालं, आणि मला त्यांच्याकडे बघवेना.