पाणी शेतात पोचल्यापासून

"हिला पाणीवाटपातलं काय विचारता? यांच्या वाटणीचं पाणी आजवर आपणच ठरवत आलोय."

२०१५ साली, परदेशात, बुओना व्हिस्टाच्या ऑफिसात, भर बैठकीत आमचा मॅनेजर हे बोलला. मराठीत, शेजारच्या पुणेकराला. पुणेकर हसला. बाकीच्यांनी अर्थ विचारला, तर म्हणे घरगुती गंमत.

काम हिमालयापलीकडच्या एका उंच, कोरड्या दरीचं. पाऊस जवळजवळ नाहीच. बर्फ वितळेल तेवढं पाणी. कालवा जिथवर, तिथवर गाव. मुखाशी जुनी घराणी, हिरवी शेतं. टोकाला लोहार आणि वाजंत्री, करपलेली शेतं. प्रत्येक घराची पाळी मुखाचं दार उघडल्यापासून मोजायची. नव्या वेळापत्रकातही तेच ठेवा, परंपरा आहे, असं मॅनेजरचं म्हणणं. मी हरकत घेतली. म्हणून ते वाक्य.

हे मोजणं मला माहीत होतं. गावाकडे आमच्या महारवाड्याची रानं कालव्याच्या चारीच्या टोकाला. पाळी तीन तासांची. दोन तास कोरडी चारी भिजण्यातच जायचे. पाटकरी वर घड्याळ बघून पाणी तोडायचा. वडिलांनी एकदा विचारलं. मुखाशी रान असलेला पाटील म्हणाला, "वेळ दिली ना? पाणी पोचत नसेल तर चारीला शिव्या दे." वडील फावडं घेऊन परतले. मी दहा वर्षांची. मीही गप्प.

बैठकीत गप्प बसले नाही. त्याचं वाक्य शब्दशः इंग्रजीत सांगितलं. 'यांच्या' म्हणजे कोणाच्या, तेही. बैठकीचं टिपण मीच लिहिते. मुद्दा चार: ते वाक्य, मूळ आणि भाषांतर. मुद्दा पाच: पाळी पाणी शेतात पोचल्यापासून मोजावी. जेवणाआधी सगळ्यांना पाठवलं, त्या गावांच्या पाणी समितीलाही.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या टेबलाशी आला. आजवर मला 'अगं' म्हणणारा.

"मॅडम, पाचवर सही करतो. चार तेवढा काढा. मुलं इथे शाळेत आहेत माझी."

इथे नोकरी करायला लागणाऱ्या माझ्या पासच्या नूतनीकरणाचा अर्जही त्याच्याकडेच पडून होता. ते दोघांनाही ठाऊक.

"काढणार नाही. आणि पाचवर सही करावीच लागेल. नकार द्यायचा तर समितीला लेखी कारण द्या."

त्याला वाटलं, रागाच्या भरात बोलतेय. राग आहेच. तो मी नीट लावून ठेवलाय. टोकाच्या घरांचं पाणी ही त्याची मेहेरबानी नाही, आणि त्याची अब्रू झाकणं हे माझं काम नाही. यापुढे माझ्यासमोर जो असं बोलेल, त्याचं वाक्य नावासकट लिहीन. त्याच्या मुलांना वाचता येईल अशा भाषेत.