दोन कोपरखळ्या

लवू पेडणेकर हा माणूस पोटातूनच घाबरत आला, असं त्याची आई म्हणायची. त्यात त्याला नोकरी लागली ती विमा कंपनीत, आणि तीही अपघाताच्या दाव्यांच्या टेबलावर. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. दिवसभर कुणाचा पाय गेला आणि कुणाचा ब्रेक निकामी झाला ते वाचायचं, आणि संध्याकाळी भाईंदरला घरी परतल्यावर जिन्याचा कठडा हलवून बघायचा. गॅस बंद आहे का हे बघायला तो अंथरुणातून उठायचा. बघून परत आडवा झाला, की आपण खरंच बघितलं की नुसतं वाटलं, म्हणून पुन्हा उठायचा.

अशा माणसानं स्कूटर घ्यावी हेच नवल. पण नंबर लावून तो विसरूनही गेला होता, आणि लालबागची खोली सोडून सत्त्याऐंशी साली भाईंदर पश्चिमेला राहायला आला, त्याच वर्षी ती नेमकी पदरात पडली. पिस्त्याच्या रंगाची, चालू करताना डावीकडे कलती करावी लागणारी. बिल्डिंग नवी होती, सगळ्यांचे संसार नव्यानं मांडले जात होते. कुणाला पंखा आणायचा असे, कुणाला वॉशबेसिन. एका नगासाठी टेम्पोवाला यायला तयार नसे आणि रिक्षावाला लांबूनच ‘नहीं जायेगा’ म्हणून मोकळा होई. मग दारावर थाप पडू लागली, ‘‘लवूकाका, जरा येता का?’’

लवूला नाही म्हणता येत नसे. नाही म्हटलं तर लोकांना काय वाटेल याचीही त्याला भीतीच होती.

गंमत अशी, की हे काम घाबरटाचंच. स्कूटरच्या डिकीत त्याच्याकडे सुतळी, सायकलच्या ट्यूब कापून केलेल्या रबरी पट्ट्या, गोणपाट आणि आशाच्या विटक्या साड्यांचे तुकडे कायम असत. सामान बांधायचं, हलवून बघायचं, मनाचं समाधान झालं नाही की सोडून परत बांधायचं. टीव्ही असेल तर काच पोटाकडे. आरसा असेल तर गोधडीत. ‘‘अहो, तुम्ही हलवून हलवूनच ते सैल करता,’’ असं आशा म्हणायची, ते अगदीच खोटं नव्हतं. पण भाईंदरच्या त्या खड्ड्यांमधून लवूनं आणलेल्या वस्तूला कधी टवका म्हणून उडाला नाही.

मागच्या सीटवर सामान धरायला कायम आशा. त्याची बायको. दुसऱ्या कुणावर त्याचा विश्वास नव्हता. एका बाजूला दोन्ही पाय सोडून ती बसायची, मांडीवर सामान, आणि सामानाच्या पलीकडे नवरा. तिला एक कडक नियम होता, गाडीवर बोलायचं नाही. ‘‘तू बोललीस की मी वळतो, मी वळलो की हँडल वळतं,’’ हे त्यानं तिला पहिल्याच फेरीला बजावलं होतं. बोलायच्या जागी कोपर. एक कोपरखळी म्हणजे सामान ठीक आहे. दोन म्हणजे थांबा. दर थोड्या वेळानं तो पुढूनच ओरडायचा, ‘‘बेसिन ठीक?’’ आणि पाठीत एक कोपर बसायचं.

बिल्डिंगमध्ये त्याचं नाव झालं. दुसऱ्या मजल्यावरचा पराग तर म्हणायचा, ‘‘काका, तुम्ही उकळता चहा भरलेली किटली पण न सांडता आणाल.’’ लवू लाजायचा. आशाचा विषय निघालाच तर म्हणायचा, ‘‘ही मागं धरून बसते, बस्स.’’

तर, एक्क्याण्णवच्या डिसेंबरात त्यांच्या मुलीचं, रुचिताचं, लग्न ठरलं.

म्हणजे, दुसऱ्यांदा ठरलं. आधीचं एक साखरपुड्यानंतर मोडलं होतं. मुलाकडच्यांनी कारणसुद्धा धड दिलं नव्हतं, आणि तेव्हापासून लवूच्या काळजाला जो घोर लागला तो लागलाच. आताची माणसं विरारची. मुलगा चांगला होता. मुलाची आई मात्र शकुन-अपशकुन फार बघणारी. बैठकीत त्या दोनदा म्हणाल्या, ‘‘आमच्या थोरलीच्या रुखवतात साखरेची अख्खी जेजुरी होती. आणि हो, रुखवतात तडा गेलेली वस्तू ठेवू नका हां. आमच्यात एकदा ठेवली, तर वर्षभर घरात शांतता नव्हती.’’ त्या हसत म्हणाल्या होत्या. पण लवूनं ते घरी आल्यावर आशाला तीनतीनदा बोलून दाखवलं, आणि त्याच्या तोंडून ते दर वेळी जास्त भयंकर होत गेलं.

साखरेचं काही करायचं तर भाईंदरजवळच्याच डोंगरी गावातल्या डेझीकडे. ती लग्नाचे केक करायची, आणि साखरेची फुलं अशी काढायची की हात लावायला जीव होत नसे. आशाची तिची जुनी ओळख. नाताळच्या ऑर्डरी तोंडावर होत्या, तरी डेझीनं बंगला करून दिला. पांढरी भिंत, गुलाबी कौलं, अंगणात तुळशीवृंदावन, आणि पुढे दोन खांबांचं फाटक. लग्नाच्या आदल्या दिवशी न्यायला या, असं तिनं सांगितलं.

परागनं मित्राची व्हॅन देऊ केली. ‘‘काका, आरामात आणू. तासाभराचं काम.’’

‘‘चालवणार कोण?’’

‘‘तोच चालवेल.’’

‘‘तो खड्डा बघून चालवतो का?’’

पराग हसला. तिथंच व्हॅन बाद झाली. दुसऱ्याच्या हातातल्या ब्रेकवर आपल्या मुलीचं नशीब सोडायचं लवूच्यानं झालं नसतं.

दुपारी ते डोंगरीला पोचले. डेझीनं प्लायच्या फळीवर बसवलेला बंगला दोन्ही हातांनी उचलून आणला. लवूनं तो चहूबाजूंनी बघितला. आजवर आणलेल्या सगळ्या वस्तूंचं काही बिघडलं असतं तर नवी आणता आली असती. या बंगल्याला मात्र बांधायला जागा नव्हती. सुतळी लावली तर कौल तुटेल, पट्टी लावली तर वृंदावन.

‘‘घट्ट हाय,’’ डेझी म्हणाली. ‘‘पन फळी तिरपी करू नको गं आशाबाय. तिरपी झाली का समदा घसरंल.’’

आशा गाडीवर बसली. फळी तिच्या मांडीवर ठेवली, वर पातळ साडीचं आवरण घातलं. फळी तिच्या गुडघ्यांच्या बाहेर वीतभर येत होती. तिनं दोन्ही हात फळीखालून घातले आणि म्हणाली, ‘‘चला.’’

लवू चालला म्हणण्यापेक्षा सरकला. सायकलवाले त्याला मागे टाकून गेले. एक म्हातारा चालत त्याच्या बरोबरीनं बराच वेळ होता. डिसेंबरातही लवूची बनियन पाठीला चिकटली होती. दर वळणाला त्याला विरारच्या बाई दिसत, साडीचं आवरण उचलताना, आणि मग त्यांचा चेहरा. रुचिताचा मागचा साखरपुडा मोडला तेव्हा ती कुणाशी न बोलता डाळ निवडत बसली होती, ते आठवे. देवा, आज एवढं घरी पोचव. पुढचं मी बघतो.

‘‘बंगला ठीक?’’

एक कोपर.

राईच्या गावात रस्ता दोन घरांमधून मुरडतो. तिथं वळणावर समोरून बस आली, अंगावरच. ड्रायव्हर काही थांबायच्या विचारात नव्हता. लवूनं गाडी डावीकडे घेतली, जेवढी घेता येईल तेवढी. कडेला कुणाच्या तरी बांधकामाचे दगड रचलेले होते. बस गेली, तिचा वारा अंगावरून गेला, मागून काहीतरी घासल्याचा आवाज आला.

‘‘बंगला? बंगला ठीक?’’

थोडा वेळ काहीच नाही. मग एक कोपर बसलं.

त्यानं सुस्कारा सोडला. मुर्धा गाव गेलं, मिठागरांचे पांढरे ढीग मागे पडले, भाईंदरची पहिली दुकानं आली. तो विचारत राहिला, कोपर बसत राहिलं. बिल्डिंगच्या फाटकातून गाडी आत आली तेव्हा लवूला वाटलं, आता आयुष्यात काही मागायचं उरलं नाही. गाडी त्यानं स्टँडला लावली, आशाच्या मांडीवरची फळी अलगद उचलली, आवरण बाजूला केलं. बंगला जसाच्या तसा. त्याला हसूच फुटलं. ‘‘बघ! बघितलंस?’’

आशा उतरली आणि गाडीला धरून उभी राहिली. तिच्या डाव्या पायात चप्पल नव्हती. साडीचा काठ लाल झाला होता, अंगठ्याचं नख उपटून लोंबत होतं.

‘‘अगं, हे काय? कधी?’’

‘‘राईला. दगडावर घासला.’’

‘‘आणि तू... पाय वर नाही घेतलास?’’

‘‘पाय वर घेतला असता तर मांडी वर झाली असती,’’ आशा म्हणाली. ‘‘फळी तिरपी झाली असती.’’

‘‘मग दोनदा मारायचं ना कोपर! मी विचारत होतो सारखा!’’

‘‘तुम्ही बंगल्याचं विचारत होतात. बंगला ठीक होता.’’

ती हे काही लावून बोलली नव्हती. पाय ठणकत होता, म्हणून थोडक्यात बोलली, एवढंच. पण लवूच्या ते वर्मी बसलं. ज्या माणसानं उभ्या हयातीत कपसुद्धा आपटून ठेवला नव्हता, त्यानं हातातला बंगला मिळेल तिथं, पाण्याच्या टाकीच्या झाकणावर, टेकवला आणि तिच्या पायाशी बसला. झाकण एकीकडे उतरतं होतं. फळी सरकली, कठड्याला लागली, आणि फाटकाचा एक खांब कट्कन मोडला.

जिन्यात उभ्या असलेल्या बायकांमधून कुणीतरी ‘अगंबाई’ म्हणालं. लवूनं वर बघितलंसुद्धा नाही. तो रुमाल फाडत होता.

पाय धुऊन, हळद भरून, बांधून झाला, तेव्हा कुठं त्याला खांब आठवला. मग मात्र त्याचा चेहरा उतरला. तो तुकडा तळहातावर घेऊन तो रुचितासमोर जाऊन उभा राहिला. ती कोपरापर्यंत मेंदी काढून बसली होती.

‘‘बाळा, मोडला गं. माझ्याच हातून.’’

रुचितानं तुकड्याकडे बघितलं, मग दारात लंगडत आलेल्या आईच्या पायाकडे. ‘‘घाला तोंडात,’’ ती म्हणाली आणि तोंड उघडलं. कडाकडा चावून खाल्ल्यावर म्हणाली, ‘‘दुसरा पण काढून द्या. फाटक नव्हतंच मुळी.’’

रात्रभर लवूचा डोळ्याला डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी हॉलवर विरारच्या बाई रुखवतापुढे उभ्या राहिल्या, चष्मा लावून एकेक वस्तू बघत गेल्या, तेव्हा तो लांब खुर्च्यांच्या मागे उभा होता, विड्याचं पान हातात चुरगाळत. बाई बंगल्यापाशी थांबल्या. वाकल्या. अंगणाच्या पुढच्या कडेवर बोट फिरवलं.

‘‘फाटक नाही ठेवलंत ते एक बरं केलंत,’’ त्या आशाला म्हणाल्या. ‘‘येणंजाणं राहील.’’

लवू मटकन खुर्चीत बसला. आशानं लांबूनच त्याच्याकडे बघितलं. पण त्याला तेव्हा बंगला दिसतच नव्हता. तिच्या पायाला बांधलेली पट्टी साडीखालून दिसत होती, आणि तो तीच बघत होता.

लग्नाचा गोंधळ निवल्यावर डेझीची फळी परत द्यायची राहिली होती. नख अजून आलं नव्हतं, पण आशाला चालता येत होतं. फळी देऊन, डेझीकडचा नाताळचा गोड खाऊ खाऊन, दोघं परत निघाले. मांडीवर काही नाही, मध्ये काही नाही. तरी लवू सरकतच होता आणि आशा सवयीनं गप्प होती. राईच्या वळणावर त्याच्या पाठीत कोपर बसलं. आणि लगेच दुसरं.

त्यानं असा ब्रेक मारला की गाडी बंदच पडली. ‘‘काय झालं? पाय?’’

‘‘पाय बरा आहे. माझी चप्पल पडली ती इथंच.’’

लवू गाडीवरून उतरला. दगडांच्या मागं बघितलं, मग पँट वर करून रस्त्याकडेच्या गटारात उतरला. काठीनं चिखल ढवळू लागला. मासळीची टोपली घेऊन चाललेली एक बाई थबकली.

‘‘काय शोदताव?’’

‘‘चप्पल. पंधरवड्यापूर्वी पडली.’’

‘‘ती आता न्हाय भेटाची,’’ ती म्हणाली आणि हसत गेली.

गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन लवू वर आला. ‘‘नाही सापडत. आपण नवी घेऊ. आजच घेऊ.’’

‘‘मी शोधायला कुठं सांगितलं होतं?’’

‘‘मग दोनदा कशाला मारलंस?’’

आशानं पदर सावरला. ‘‘मागं सामान नसतानाही थांबता का, ते बघत होते.’’

लवूनं गाडी डावीकडे कलती केली, सरळ केली, किक मारली, आणि ती सुरू होऊनही तसाच उभा राहिला. मग आशा मागे बसली, तसं मान पूर्ण वळवून त्यानं तिचे दोन्ही पाय नीट टेकलेत का ते बघितलं.

‘‘बोलत बस,’’ तो म्हणाला. ‘‘हँडल वळलं तर वळलं.’’