एका जिवाची बेगमी

एकट्या बाईला पावसाळाभर किती मीठ लागतं, हे आमच्या घरात कुणालाच सांगता येईना. आई मिठाच्या टोपलीपुढे बसली, ओंजळ भरली, थांबली, अर्धी परत टाकली. भरल्या घराचं माप तिच्या हातात मुरलेलं होतं, पण एका माणसाची बेगमी तिने जन्मात केली नव्हती. शेवटी वैतागून म्हणाली, "ने गो सगळंच. मीठ काय नासतंय थोडंच!"

आमचं गाव नाते, महाडपासून जवळ. घरची भातशेती. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत माझ्या नवऱ्याने मुंबईत दुसरं बिऱ्हाड थाटलं होतं आणि सासरी मी बिनपगारी मोलकरीण म्हणून उरले होते. एके सकाळी घासायची भांडी तशीच टाकून उठले आणि माहेरची वाट धरली. आबांनी, माझ्या वडिलांनी, घरात घेतलं, पण चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाठीमागे धाकटी बहीण लग्नाची होती, ती तर मला पाहून तोंडच लपवायची. माझी सातवीची फायनल लग्नाआधीच झाली होती, तीच कामाला आली. पोलादपूरच्या वर, कुडपणच्या शाळेवर जायला कुणी मास्तर राजी होत नव्हता. जी नोकरी कुणाला नको होती, ती मला मिळाली.

आबांनी अट घातली. "पावसाळा एकटीनं काढून दाखव. गणपतीला मी येईन न्यायला. त्याच्याआधी रडत खाली आलीस, तर तशीच सासरी पोचवीन. मग माझ्याकडं बघायचं नाय."

मी त्यातलं 'गणपतीला येईन न्यायला' एवढंच घट्ट धरलं. गणपतीपर्यंत टिकले की मी पुन्हा त्या घरची लेक होणार होते. सासर कायमचं सुटणार होतं. मला नोकरीचं कौतुक नव्हतं, पगाराचंही नव्हतं. मला घरी जायचं होतं, आणि घरी जायची वाट त्या डोंगरावरून होती.

तेव्हा माझ्या बेगमीत अख्खं घर राबलं. घरचे तांदूळ, कुळीथ, वर्षाचं तिखट. महाडच्या बाजारातून सुकट, गूळ, तूरडाळ, आमसुलं, रॉकेलचा डबा. पोलादपूरपर्यंत एसटीने आणि पुढे गड्यांच्या डोक्यावरून हे सगळं वर चढलं. मी मागून चालत होते. वाटेत भेटलेल्या एका म्हाताऱ्याने गड्यांना विचारलं, "लगीन हाय का कुणाचं?" मला हसू आलं नाही.

राहायला मिळालं ते मुंबईला गेलेल्या एका कुटुंबाचं बंद घर. त्यातली एक खोली आणि चूल माझी. शेजारी त्या घरमालकाची भावजय राहायची, तिला मी काकी म्हणू लागले. काकीने पहिल्याच दिवशी माझं सामान बघितलं आणि म्हणाली, "भुईवर ठेवू नको हां बाय. हितं धुकं घरात येऊन बसतंय." तिने स्वतः बांबू तोडून आणले, चुलीच्या बरोबर वर आडवा माळा बांधला, टोपल्या शेणाने सारवून वाळवल्या आणि एकेक वस्तू वर चढवली. आमच्याकडेही असंच असतं. चुलीचा धूर लागला की पावसाळ्यात धान्याला काही होत नाही, हे आमच्या पोरीसोरींनाही ठाऊक असतं. काकीने हात झटकले. "आता आकाश कोसळूंदे."

त्या संध्याकाळी मी चुलीपुढे बसून नुसती वर बघत राहिले. सासरी मला मीठ घ्यायचं तरी विचारावं लागे. इथे वर टांगलेला दाणा न् दाणा माझा होता. मला आनंद झाला होता. आता सांगायला लाज वाटते, इतका झाला होता.

आषाढात धुकं खरोखरच येऊन बसलं. कौलांच्या फटींतून उतरायचं आणि दिवस दिवस हलायचं नाही. शाळेत पोरं समोर बसलेली, पण शेवटची रांग दिसायची नाही. मी संध्याकाळी परत यायची, मूठभर तांदूळ आणि कुळथाचं पिठलं करायची, चार लाकडांत चूल आटपायची. सकाळी रात्रीचाच भात. एकटीसाठी दोनदा कोण रांधणार? भूकही तशी लागत नव्हती.

आधी वास आला. मग एका संध्याकाळी वरून काहीतरी टपटपायला लागलं. मला वाटलं कौल फुटलं. जिभेवर घेऊन पाहिलं तर खारट. मिठाला पाणी सुटलं होतं आणि ते थेंबाथेंबाने माझ्याच चुलीत पडून निखारे विझवत होतं. मी धडपडत स्टुलावर चढून टोपल्या खाली काढल्या. तांदळात जाळी झाली होती. तिखटावर पांढरा बुरा चढला होता. सुकट हाताला चिकटायला लागली होती, आणि तिच्यात काय वळवळत होतं ते मी नीट बघितलं नाही.

काकीला बोलावलं. तिने टोपलीत हात घातला, वास घेतला, आणि बिचारी माझ्याइतकीच गांगरली. "असं होतंच नाय गो. आमच्याकडं कदी झालं नाय." तिने माळा चाचपला, टोपल्या उलट्या करून बघितल्या. तिच्या हातून काही चुकलं नव्हतं, माझ्याही नाही.

काय झालं ते मला काही दिवसांनी उमगलं. खाली नात्याला, माहेरी, आमची चूल पहाटे पेटते ती रात्री निजानीज झाल्यावरच विझते. आंघोळीचं पाणी, भाकऱ्या, गुरांचं आंबोण, बाळंतिणीचा शेक, आल्यागेल्याचा चहा. काकीकडेही तेच. तिथला धूर एवढ्या सगळ्या माणसांचा असतो. माझी चूल दिवसातून एकदा, दोन पळं. एका जिवाचा धूर माळ्यापर्यंत पोचतच नव्हता. बेगमी राखायला आधी घर लागतं, आणि मी ते सोडून बाकी सगळं वर वाहून आणलं होतं.

मग मी वेड्यासारखी चूल पेटती ठेवू लागले. पहाटे उठून मोठा हंडा चढवायची. मधल्या सुट्टीत शाळेतून पळत येऊन लाकडं सारायची, पुन्हा पळायची. हंडाभर पाणी खळखळत राहायचं आणि ते कुणालाच नको असायचं. संध्याकाळी मी ते घरामागच्या परड्यात ओतून द्यायची. श्रावण लागायच्या आत लाकूडफाटा संपत आला, आणि चूल पुन्हा दिवसातून एकदाच पेटू लागली.

काकी म्हणाली, "आमच्यात येऊन जेव की. एक ताट काय जड नाय." मी नाही म्हटलं. मास्तरीण दुसऱ्याच्या दारी जेवते हे खाली कळलं असतं, तर अट मोडली म्हणायला आबांना तेवढंच पुरलं असतं. काकी रागावली, आणि बरोबरच होतं तिचं. मी कुबट तांदूळ धुऊन धुऊन शिजवले. मीठ उरलं नव्हतं तेव्हा आमसूल चोळून खाल्ले. आजारी पडले, उठले, शाळेत गेले. रोज स्वतःला एकच सांगत होते, गणपतीला घरी.

गणपती तोंडावर आले, पाऊस जरा उघडला, आणि आबा आले. बरोबर दोन गडी. मी शाळेच्या दारातून त्यांना पठारावर चढताना पाहिलं आणि वर्ग तसाच टाकून पळाले. ट्रंक मी आधीच भरून ठेवली होती. गडी ती न्यायला आणलेत, अशी माझी खात्रीच होती.

जवळ आल्यावर दिसलं, गड्यांच्या डोक्यावर पोती होती. त्यांनी ती माझ्या दारात उतरवली. तांदूळ, डाळ, सुकट, सगळं नव्याने.

आबा उंबऱ्यावर टेकले. घाम पुसत त्यांनी खोली बघितली, मला बघितलं. "ऱ्हायलीस की गो! मला वाटलं, पहिल्या महिन्यातच पळून येशील." त्यांच्या आवाजात कौतुक होतं, आणि ते अगदी खरं होतं.

"आबा, ट्रंक भरलीय मी."

ते जमिनीकडे बघायला लागले. "गणपतीत घर भरतंय. धाकटीला बघायला माणसं यायचीत. तुला बघितल्यावर विचारतील, ही हिकडं कशी? काय सांगू त्यांना?" पोत्याची गाठ चाचपत म्हणाले, "तुला जमलं ना एकटीला ऱ्हायला? मग झालं तर."

रडत खाली गेले असते, तर सासरी का होईना, कुणीतरी मला हाताला धरून नेलं असतं. मी टिकून दाखवलं होतं, आणि त्यामुळे आता मला न्यायला कधीच कुणी येणार नव्हतं. सासर सोडतानाही मला इतकं पोरकं वाटलं नव्हतं.

आबा पाणी प्यायले. उजेड आहे तोवर उतरायला हवं, म्हणून गड्यांना हाक मारली. दिवाळीचं बघू, असंही म्हणाले. ते दिसेनासे होईपर्यंत मी दारात उभी राहिले. मग पोती एकेक करून आत ओढली.