दोरीला लागलेला हात
जेटीवर डिझेलचा वास नाकात शिरला की वीसेक वर्षांपूर्वीची ती सकाळ आठवते. साऱ्या वाडीची मिळून एकच रापण, समुद्रात पसरून ओढायचं मोठं जाळं. किनाऱ्यावरून जाळ्याची दोरी ओढायला जो हात लावेल त्याला मासळीचा वाटा, हा रिवाज. त्या सकाळी एक ट्रॉलर आमचं भरलेलं जाळं फाडत गेला. आम्ही होड्या घालून त्याला अडवलं आणि तो हाकणाऱ्या तांडेलाला केसांना धरून वाळूत ओढत आणलं. त्याच्या डोक्यात पहिलं वल्हं मीच घातलं. त्याचं कपाळ फुटलं, दात वाळूत पडले, तरी माझा हात थांबेना. तेवढ्यात रापणीचे पुढारी, आमचे काका, गर्दीत घुसले. उरलेल्या जाळ्याची दोरी त्यांनी तांडेलाच्या रक्ताळलेल्या मुठीत कोंबली आणि ओरडले, "ह्येचो हात दोरयेक लागलो! आता हो रापणीचो माणूस. मारूचा आसा तर आधी माका मारा!" उगारलेली वल्ही खाली आली. जाळं ओढलं, वाटे पडले; तांडेलालाही मिळाला. मी टोपली पुढे केली, तर काकांनी ती मागे सारली. म्हणाले, "तुझो हात दोरयेर खंय होतो रे? वल्ह्यार होतो." त्यानंतर मी कितीदा तरी रापण ओढली, पण वाटा घेताना माझा हात अजूनही आधी मागे जातो.